खमंगची डबल बेल

खुशालराव कंडक्टरांच्या जिभेला दोनच गोष्टी कळायच्या. तिखट आहे आणि तिखट नाही. साखर तोंडात पडली तर गोड, ते तान्ह्या लेकरालाही कळतं, ते सोडून द्या. पण भाजी म्हणून जे काही ताटात येई, त्याच्यावर त्यांचा निकाल एकच. तिखट असली तर "जमली." नसली तर हात पुढे, "अवं, तिखटाची डबी दे." पुष्कळदा तर घास तोंडात जायच्या आधीच डबी उघडलेली असायची. भाजीनं आपली बाजू मांडायच्या आत शिक्षा सुनावून मोकळे.

त्यांची बायको रुख्मिणीबाई. तिच्या हाताची भाजी म्हणजे अकोल्यात डाबकी रोडकडच्या त्या गल्लीत बायका नाव काढायच्या. वांग्याची भाजी असो, पाटवड्यांचा रस्सा असो, नुसतं फोडणीचं वरण असो. दुपारी तिच्या खिडकीवरून जाणारा माणूस दोन पावलं हळू चालायचा. आणि ज्याच्यासाठी हे सगळं शिजायचं, तो मात्र आत बसून डबीतलं लाल तिखट भाजीवर पेरत असायचा, शेतात खत टाकावं तसं.

याला कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून रगड रगड रगडायचा आणि गालात धरायचा. खुशालरावांनी सगळी नोकरी अकोला-अमरावती गाडीवर काढली ती गालात खर्रा धरूनच. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता यायचं नाही, म्हणून त्यांनी भुवयांची भाषा काढली होती. एक भुवई वर गेली की "कुठं जायचं?" दोन्ही वर गेल्या की "मागं सरका." रोजच्या पॅसेंजरांना ती भाषा पाठ झाली होती. एकदा नवी बाई गाडीत बसली आणि हा माणूस माझ्याकडे पाहून भुवया काहून उडवते म्हणून तिनं मूर्तिजापूरपर्यंत भांडण केलं. तेव्हाही खुशालरावांनी तोंड उघडलं नाही. खर्रा नवा होता.

त्या गाडीचा ड्रायव्हर धर्मपाल. शांत माणूस, ना खर्रा ना बिडी. दोघं एकत्र लागले, एकत्र रिटायर झाले, आता घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रुख्मिणीबाईंनी जन्मभर जो डबा दिला, तो खाल्ला दोघांनी, पण डबा खुशालरावांचा आणि चव धर्मपालची, असा प्रकार होता. संध्याकाळी गाडी लावून धर्मपाल मुद्दाम दारावरून जायचा आणि सायकल न थांबवता ओरडायचा, "वैनी, आजची भाजी म्हंजे निरा कमाल!" रुख्मिणीबाईंना स्वतःच्या स्वयंपाकाची बातमी लागायची ती अशी, ड्रायव्हरकडून.

तिला वाईट वाटायचं नाही असं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती जेवताना नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायची. मग आकांक्षा झाली, मोठी झाली, लग्न होऊन अमरावतीला राजापेठेत नांदायला गेली. तोवर तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहणं सोडून दिलं होतं. अकोल्यात नळाची वाट पाहणं माणूस सोडून देतो, तसं. आलं तर आलं.

एक ठिकाण मात्र असं होतं, की जिथं तिला तिचा मान मिळायचा. चैत्रात गल्लीचे रोडगे.

गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली मारुती आहे. चैत्रातल्या एका शनिवारी सगळी गल्ली तिथं जमते. पुरुष माणसं कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, ते रोडगे. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. भाजीचा मसाला घरून भाजून आणायचा नाही, मारुतीसमोरच भाजायचा, असा रिवाज. आणि निवद दाखवल्याशिवाय कोणी बोटभर चाखायचं नाही, हा दुसरा रिवाज. म्हणजे मीठ हाताच्या अंदाजानं, बाकी सगळं नाकानं. म्हणून त्या कढईवर कोणीही उभं राहू शकत नाही. रुख्मिणीबाई राहायची. खोबरं, तीळ, धने, खसखस, एकेक जिन्नस ती वासावर उतरवायची, आणि तिनं "काढा" म्हटल्याशिवाय गल्लीतला एकही बाप्या झाऱ्याला हात लावायचा नाही.

यंदा फाल्गुनात ती गच्चीवर कुरड्या घालायला गेली, गव्हाचा चीक सांडला होता त्याच्यावर पाय पडला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

समोरच्या आशाबाई त्याच दिवशी भेटायला आल्या. मोसंबी आणली, उसासे टाकले आणि निघताना दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वैनी, तुमी आता आराम करा बरं. रोडग्याची कायजी करू नका. यंदा कढई मी पाहीन."

रुख्मिणीबाईंच्या मनगटापेक्षा दुसरीकडेच कुठंतरी कळ गेली. आशाबाई वाईट बाई नव्हे. पण तिच्या हाताला दम नाही. जाळ मोठा करते, खोबरं वरून काळं आणि आतून पांढरं, आणि मग ते झाकायला तयार मसाल्याचं पाकीट फोडते. बरं, तेही चालून जाईल, गल्ली उपाशी थोडीच मरणार. पण कढई एकदा गेली की गेली. पुढच्या साली आशाबाई म्हणणार, "वैनी, तुमचा हात आता पहिल्यासारखा नाई ना." मग खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडायची. रुख्मिणीबाईंनी अशा निवडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या.

"कढई माह्याकडंच राहीन," ती म्हणाली.

"एका हातानं?"

"हात यांचा. नाक माहं." आणि तिनं खाटेवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

आशाबाईंना हसू आवरेना. "भाऊजी भाजतीन मसाला? वैनी, भाऊजींले दाळ आन् डांबर एकच!"

पेपर खाली आला. दोन्ही भुवया वर गेल्या. पण आशाबाई गाडीतली पॅसेंजर नव्हती, तिला ती भाषा येत नव्हती, ती हसत हसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खुशालराव कमरेला टॉवेल गुंडाळून गॅससमोर उभे. रुख्मिणीबाई स्टुलावर.

"खोबऱ्याचे काप टाका. आच बारीक ठेवा. खमंग झालं का काढा."

"कवा होते खमंग? टाइम सांग."

"टाइम नसते त्याले."

"टाइम नसलेली गाडी मी आजपोहोतर पाह्यली नाई."

"तुमची गाडी कवा टाइमवर आली ते सांगा आंधी."

खुशालरावांनी विषय बदलला. "मंग रंग कसा पाह्यजे?"

"बदामी."

"बदामी म्हंजे? तुह्या साडीवानी का तुह्या मायच्या साडीवानी?"

"रंगावर जाऊ नका. वास घ्या. खमंग वास आला पाह्यजे."

"आन् खमंग म्हंजे काय?"

 रुख्मिणीबाईंना कोणी हे कधी विचारलंच नव्हतं. "खमंग म्हंजे..." ती म्हणाली, "खमंग."

"हे तं मूर्तिजापूर कुठी आहे विचारलं आन् मूर्तिजापुरात आहे म्हणलं, असं झालं."

एवढ्या बोलण्यात खोबरं जळालं. दुसऱ्या वेळी खुशालरावांनी भीतीनं इतक्या लवकर काढलं की ते देवापुढे फोडल्यासारखं पांढरंच. तिसऱ्या वेळी रुख्मिणीबाई त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं. खोबऱ्याचा वास येतच नव्हता. खुशालरावांच्या गालातून येणारा तंबाखू-चुन्याचा भपकारा कढईपर्यंत जाऊन उलटा फिरत होता.

"तोंडातलं ते थुका," ती म्हणाली. "तुमच्या नाकापुढं तोच पडदा आहे. त्याच्यामांगं मी काय शिजवलं न काय नाई, तुमाले जन्मात दिसणार नाई."

खुशालरावांनी एरवी ऐकलं नसतं. तिनं याआधी काय कमी सांगितलं होतं? डॉक्टरनं सांगितलं, लेकीनं रडून सांगितलं. पण दाळ आणि डांबर हे त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. ते मोरीकडे गेले, थुंकले, चूळ भरली आणि आले. फक्त एक पुडी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. "खाणार नाई," म्हणाले. "संगतीले."

मग जे दिवस गेले ते रुख्मिणीबाईंना विचारू नका. कंडक्टरसाहेब कुलरशी भांडले, मांजरीशी भांडले, पेपरातल्या बातमीशी मोठमोठ्यानं भांडले. गालाला सवय होती भरलेलं राहायची, म्हणून आधी बडीशेप धरली, मग लवंग, मग फुटाणे. घरात बडीशेपेची बरणी टिकेना. प्रत्येक थोड्या वेळानं हात खिशाकडे जायचा, पुडी चाचपायचा आणि परत यायचा, जसा पूर्वी पैशाची बॅग चाचपायचा.

एका संध्याकाळी धर्मपाल येऊन ओट्यावर बसला. खुशालरावांनी त्याला पाणीही विचारलं नाही, सरळ म्हणाले, "धर्मपाल, तुले खमंग कळते काय बे?"

"कळते ना."

"मंग सांग. हे सांगत नाई. विचारलं का नुसती खमंग खमंग करते."

आत खिडकीशी बसून रुख्मिणीबाई ऐकत होती.

धर्मपालनं विचार केला. गाडी अरुंद पुलावर घालायच्या आधी करायचा तसा. "पाह्य," तो म्हणाला, "आपण मूर्तिजापूरले डबा उघडो ना? तू झाकण काढलं का मांगच्या सीटवरची बाई लेकराले थोपटनं सोडून इकडे पाहे. झोपलेला माणूस उठून बसे. ते खमंग."

"मले कधी दिसली नाई ते बाई."

"तू डबीतलं तिखट टाकून राहे तवा." धर्मपालनं त्यांच्या हातातला एक फुटाणा उचलला. "आन् आणखी सांगू काय? गोड असलं का माणूस पुरे म्हणते. तिखट असलं का पाणी मांगते. खारट असलं का तोंड वाकडं करते. आंबट असलं का डोळा मिटते. पण खमंग असलं ना खुशाल, तं माणूस काईच म्हणत नाई. ताट पुढं करते."

खुशालरावांनी फुटाणे चघळत चघळत यावर विचार केला. "म्हंजे तूनं माह्या डब्यातलं किती खाल्लं असन बे?" ते म्हणाले.

"आता इचारून काय फायदा?" धर्मपाल म्हणाला.

खिडकीत रुख्मिणीबाई गालातल्या गालात हसली. जन्म चुलीपुढे गेला तरी तिला जे सांगता आलं नव्हतं, ते ड्रायव्हरला येत होतं. खाणाऱ्यालाच कळतं ते, शिजवणाऱ्याला कुठली फुरसत.

त्यानंतरची गोष्ट वरणाची. रुख्मिणीबाईंच्या सांगण्यावरून खुशालरावांनीच कुकर लावला, त्यांनीच दाळ घोटली, त्यांनीच लसूण ठेचला. "लसूण लाल होऊ द्या, घाई करू नका, आता जिरं, आता उतरवा." मग पानं घेतली. खर्रा नसल्यामुळे भूक अशी लागायची की एका हातानं तिखटाची डबी उघडेपर्यंत दुसऱ्या हातानं घास तोंडात गेला.

खुशालराव थांबले.

"काय झालं? खडा लागला काय?"

"वरणात काय टाकलं?"

"मले काय इचारता? तुमीच केलं."

"नाई. तूनं काईतरी टाकलं, मी तिकडं पाह्यलं तवा."

"या हातानं काय टाकीन मी? प्लास्टर?"

त्यांनी आणखी एक घास घेतला, डोळे बारीक करून, हिशेब जुळत नसल्यासारखं. "गोड नाई," म्हणाले. "आंबट नाई. मीठ आहे, पण मी म्हणतो ते मीठ नाई. तिखट तं नाईच. लसणाच्या मांगून काईतरी येऊन राह्यलं. येते आन् जिभेवर बसून राह्यते. उठतच नाई."

रुख्मिणीबाईंचा चमचा हवेतच राहिला. डाव्या हातानं जेवायची तिला सवय नव्हती, त्यामुळे अर्धं वरण पदरावर सांडलं, तेही तिला कळलं नाही.

"हे असं कवापासून आहे?" खुशालरावांनी विचारलं.

"काय?"

"हे. वरण."

"आपलं लगन झालं तवापासून."

तिखटाची डबी उघडी होती. त्यांनी तिला झाकण लावलं.  "मंग मी आजपोहोतर काय खाऊन राह्यलो वं?"

"तिखट," रुख्मिणीबाई म्हणाली आणि पदर पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं की आणखी काही, ते तिचं तिला समजेना. मग मागे वळून पाहिलं तर खुशालराव काही बोलत नव्हते. ताट पुढे केलेलं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण नवं नाक फुटलेला माणूस घरात ठेवणं फार कठीण. खुशालराव गल्लीतून हुंगत हिंडू लागले. किसनरावांच्या घरी आज झुणका आहे. तानुबाईंनी भाकरी भाजायच्या सोडून फोन घेतला. ज्याला त्याला सांगत सुटले. एक दिवस आशाबाईंच्या खिडकीखाली उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, कांदा जळून राह्यला बरं तुमचा!"

कांदा खरोखरच जळत होता, म्हणून तर आशाबाईंना जास्त राग आला. गॅस बंद करून त्या बाहेर आल्या. "भाऊजी, शनवारी मारुतीपुढं पाहू किती नाक आहे तुमचं! जराक जरी करपला ना मसाला, तं झारा माह्या हाती. सगळ्या गल्लीसमोर सांगून ठेवते."

रुख्मिणीबाईंनी कपाळाला हात लावला. डावा. प्लास्टरवाला लावायला गेली असती तर आणखी एक हाड मोडलं असतं.

कारण खरं ती जाणून होती. वरण, झुणका, भाकरी इथपर्यंत यांचं नाक पोचलं होतं. पण खोबरं कळत नव्हतं. घरी सराव करताना ते अजून तिच्या बोटाकडेच पाहायचे. ती वास घ्यायची, डाव्या हाताचं बोट वर करायची, ते कढई उतरवायचे. सिग्नल तिचा, गाडी त्यांची. असं शनिवारीही करायचं ठरलं होतं.

पण शुक्रवारी ऊन असं पडलं की अकोल्याचे कावळेसुद्धा बोलेनात. खुशालरावांना बायकोची दया आली. उद्या हिला चुलीशेजारी बसायचं आहे, आज तरी गार वाऱ्यात झोपू दे. त्यांनी कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी काठोकाठ भरली आणि त्याचं तोंड तिच्या खाटेकडे फिरवून ठेवलं.

शनिवारी सकाळी रुख्मिणीबाई उठली आणि म्हणाली, "अहो, बाझं दाक बंद झालं."

खुशालरावांना आधी कळेना, मग कळलं आणि त्यांनी तिच्यासाठी पाणी तापत ठेवलं. वाफ घेऊन पाहिली, ओवा हुंगून पाहिला, कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं, नाक काही उघडलं नाही.

"आशाबाईले सांगून टाकू काय?" ते म्हणाले.

"बेले तरी चालेल," रुख्मिणीबाई म्हणाली आणि चपला घातल्या.

कडुनिंबाखाली सगळी गल्ली जमली होती. एका बाजूला गोवऱ्यांचा ढीग धगधगत होता, त्यात रोडगे. दुसऱ्या बाजूला दोन चुली, एकीवर वरणाचं झाकलेलं पातेलं, दुसरीवर ती कढई. रुख्मिणीबाईंना वरणाच्या चुलीशेजारी प्लास्टिकची खुर्ची दिली. धर्मपाल वांगी चिरत होता. मारुतीचं आणि त्याचं काही नातं नव्हतं, तसं तो दरवर्षी हसत सांगायचा, नातं वैनीच्या भाजीशी. किसनराव निवदाचं ताट घेऊन तयार. आणि आशाबाई कंबरेवर हात ठेवून कढईच्या बरोबर समोर.

खोबरं कढईत पडलं.

खुशालरावांनी झारा फिरवत रुख्मिणीबाईंकडे पाहिलं. ती बंद नाकानं आणि मोठ्या डोळ्यांनी त्यांच्याकडेच पाहत होती. बोट वर नाही, खाली नाही. उन्हाच्या तिरपीत कढईतला रंगही धड दिसेना. बदामी म्हणावं तर निंबाची सावली, काळा म्हणावं तर धूर. घाम भुवयांवरून खाली आला.

"किसनराव," ते हळूच म्हणाले, "एक काप चाखून पाहू काय?"

"कंडक्टर!" किसनराव ओरडले. "निवद व्हायचा आहे!" बायकांनी तोंडावर पदर घेतले. आशाबाईंनी झाऱ्याकडे हात पुढे केला.

तेव्हा सवयीनं खुशालरावांचा हात खिशात गेला आणि पुडी बाहेर आली. नुसती हातात धरली होती, पण इतक्या दिवसांनी तो वास एकदम नाकात गेला आणि कढईवर काळा पडदा पडला. खोबरं गेलं, धूर गेला, निंब गेला. नुसता खर्रा. जन्मभर जसं होतं तसं.

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ही पुडी उघडते, झारा आशाबाईंच्या हातात जातो आणि आपण कोथिंबिरीकडे.

खुशालरावांनी पुडी भिरकावली. शेजारच्या वरणाच्या चुलीत.

भडका झाला आणि जो धूर निघाला तो काय सांगावा. आशाबाई शिंकल्या. किसनराव निवदाचं ताट सांभाळत शिंकले. धर्मपालनं वांगं सोडलं आणि शिंकला. रुख्मिणीबाई सगळ्यात जवळ. ती अशी शिंकली, एकामागून एक, की खुर्ची मागे सरकत सरकत निंबाच्या बुडाला जाऊन लागली.

एकटे खुशालराव शिंकले नाहीत. त्यांच्या नाकाला तो धूर नवा नव्हता. डोळे मिटून ते कढईवर वाकले होते. आधी ओल्या लाकडासारखा वास. मग थोडा गोडसर. मग काहीच नाही. आणि मग, त्या दिवशी वरणात लसणाच्या मागून आलं होतं ना, ते. हळूच आलं आणि बसलं.

त्यांचा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला, जिथं गाडीत बेलची दोरी असते तिथं, आणि हवेत दोन झटके दिले. "टिंग टिंग! चाला, काढा!"

"थांबा!" निंबाच्या बुडाकडून आवाज आला. "अजून नाई!"

सगळे वळले. रुख्मिणीबाई नाक पुसत उभी होती. नाक उघडलं होतं. दोन्ही दारं.

"जराक अजून पाह्यजे," ती म्हणाली.

"झालं म्हणतो ना मी."

"मांगून येऊ द्या ना वास."

"आला मांगून. तुह्याकडं उशिरा पोचला. वारा इकडून आहे."

"वाऱ्याचं मले सांगू नका! मी इतके साल इथंच उभी राह्यली."

"मंग यंदा मी आहे ना उभा. तुहं नाक आत्ता उघडलं, माहं आंधीपासून ड्युटीवर आहे!"

आशाबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होत्या. "अवं पण," त्या म्हणाल्या, "काढायचं का ठेवायचं ते तं सांगा कोणी!"

खुशालरावांनी कढई दोन्ही कडांना फडकी धरून खाली उतरवली. "ठेवली खाली. गरम आहे अजून. तुहं जराक तिच्यातच होऊन जाईन."

रुख्मिणीबाई आणखी बोलणार होती, पण बोलता बोलता थांबली. संसारात दोघांची भांडणं काय कमी झाली होती? दिरावरून झाली, लेकीच्या स्थळावरून झाली, कुलर कोणत्या खोलीत ठेवायचा याच्यावरून तर दर उन्हाळ्यात व्हायची. पण खोबरं किती भाजलं याच्यावरून या माणसानं कधी तोंड उघडलं नव्हतं. उघडणार कशाच्या जोरावर? इतकी वर्षं ती या गोष्टीत एकटीच होती, बरोबरही एकटीच आणि चूकही एकटीच. आता समोर कोणीतरी झारा घेऊन उभं होतं आणि नाही म्हणत होतं. तिला ते इतकं आवडलं की लगेच आणखी थोडं भांडावंसं वाटलं.

"खसखस मी सांगीन तवाच टाकजा," ती म्हणाली.

"पाहू," खुशालराव म्हणाले.

तिळावरून भांडण झालं. धन्यांवरून झालं. खसखशीवरून किसनरावांना मध्ये पडावं लागलं. शेवटी निवद दाखवला, निंबाखाली पंगत बसली. रोडगा कुस्करला, त्याच्यावर तूप, वरण आणि बाजूला ती भाजी. वाढणाऱ्यानं खुशालरावांपुढे ठेच्याचं भांडं नेलं. त्यांनी ताटावर आडवा हात धरला. रुख्मिणीबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तिचं लक्ष आशाबाईंकडे होतं. आशाबाईंनी पहिला घास घेतला, चघळला. दुसरा घेतला. तोंड वाकडं नाही, डोळा मिटला नाही, पाणी मागितलं नाही. धर्मपाल समोरच्या ओळीत बसला होता, तोही जेवायचं सोडून पाहत होता.

आशाबाई काहीच म्हणाल्या नाहीत. भाजीवाला पुढे गेला तेव्हा खाली मान घालून त्यांनी ताट पुढे केलं.

हात धुताना मात्र त्या रुख्मिणीबाईंजवळ येऊन उभ्या राहिल्या. "वैनी," म्हणाल्या, "पुढच्या साली तुमचा हात बरा झाला तरी भाऊजींले संग आणजा बापा. तुमच्या भांडणात मसाला बरोबर निंगाला."

ऊन उतरल्यावर तिघं घरी निघाले. पुढे रुख्मिणीबाई आणि खुशालराव, मागे धर्मपाल, पोट सांभाळत.

"तरी जराक अजून पाह्यजे होतं," रुख्मिणीबाई म्हणाली.

"नाई."

"हाव."

"करपलं असतं."

"मी करपवलं काय कधी?"

"मले काय माहीत, मी तवा तिखट खाऊन राह्यलो होतो!"

आशाबाईंचं दार गेलं, किसनरावांचं गेलं, वळण आलं, तरी खोबरं काही उतरेना. धर्मपालची गल्ली आली तेव्हा त्यानं दोघांच्या मधून हात घालून खुशालरावांच्या खांद्यावर थाप मारली.

"कंडक्टर," तो म्हणाला, "सिंगल बेल मार बापा. मले इथं उतरू दे."